मागच्या तारखेचा कर

नोटीस आमच्या ह्यांच्या नावाने आली, तेव्हा त्यांना जाऊन दुसरा उन्हाळा लागला होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सेल्स टॅक्स ऑफिसचा शिपाई सायकलवरून उतरला, कागदावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "घर में हैं क्या?"

"नहीं हैं," मी म्हणाले.

"कब आते?"

मी उघड्या दारातून भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोला हार होता. तो बिचारा ओशाळला आणि कागद परत पिशवीत घालू लागला. मीच हात पुढे केला. "द्या इकडे. त्यांचं काम आता मीच पाहते."

ते खरंच होतं. आदिलाबाद जिल्ह्यात त्या वेळी सरकारी कामं घेणारी बाई मी एकटीच होते. इकडे ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. बाईला काय म्हणायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ऑफिसातले लोक मला 'गुत्तेदार अम्मा' म्हणायचे. सुरुवातीला हसून म्हणायचे, नंतर नुसतंच.

आमचे सासरे जैनथकडच्या एका पटेलाकडे सालदार होते. ह्यांनी पोरवयात सडकेवर गिट्टी फोडली, मग मिस्त्रीच्या हाताखाली राहून दगडाचं बांधकाम शिकले आणि पुढे सगळ्यात खालच्या वर्गात का होईना, गुत्तेदार म्हणून नोंदणी करून घेतली. आमच्या बौद्ध वस्तीतले ते पहिले. पहिलं काम एका ओढ्यावरच्या मोरीचं होतं. मोरी पुरी झाल्यावर वस्तीतले लोक बैलगाड्या जुंपून ती पाहायला गेले, जत्रेला जावं तसे. बायांनी दशम्या बांधून नेल्या होत्या. ह्यांनी सगळ्यांना गाडीतच बसवून मोरीवरून पलीकडे नेलं, परत आणलं आणि विचारलं, "दचकली का गाडी?" कोणालाच काही जाणवलं नव्हतं. "मंग झालं तर," म्हणाले, "मोरी कुठं आली हे जाणाऱ्याले समजूच नये."

मी मॅट्रिक झालेली. लग्नानंतर कामावर मजुरांची हजेरी घेणं, आठवड्याचा पगार वाटणं, सिमेंटची पोती मोजून घेणं हे माझ्याकडे आलं. त्यामुळे ते तापाने अचानक गेले तेव्हा मी अगदीच कोरी नव्हते. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका खेड्यात शाळेच्या खोल्यांचं काम अर्धवट उभं होतं. भिंती झाल्या होत्या, वर आभाळ होतं. इंजिनिअरच्या ऑफिसातून निरोप आला की लिहून द्या, उरलेलं काम दुसऱ्याला देऊ. माझा भाऊ, जो माहेरच्या गावी मास्तर होता, ह्यांच्या मागे वस्ती वंदनेला जमली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच मला म्हणाला, "बाई, हे काही बायकाईचं काम नाही. हिसाब कर अन् मोकळी हो."

मी मोकळी झाले नाही. त्या खोल्यांवर स्लॅब पडला तो मी उभं राहून टाकून घेतला. सेंटरिंग काढायच्या दिवशी मी जाऊन बरोबर स्लॅबच्या खाली उभी राहिले. मिस्त्री ओरडला, "बाई, बाहेर या, खाली काऊन उभ्या राह्यल्या?" मी म्हणाले, "याच्याखाली लेकरं बसणार हायेत. मी नाही उभी राह्यले तं कोण राहील?" बल्ल्या निघाल्या, फळ्या निघाल्या. वर करडा, ओलसर वास येणारा स्लॅब तसाच राहिला. त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

मग माझ्या नावाने नोंदणीचा अर्ज घेऊन गेले. मोठे इंजिनिअर चांगल्या स्वभावाचे होते, पण त्यांनाही प्रश्न पडला. "आप करेंगे ये काम?"

"कर चुकी हूँ, साब," मी म्हणाले.

तर अशा दिवसांत ती नोटीस आली.

नोटिशीत काय होतं ते सोपं करून सांगते. ह्यांनी कामं केली त्या वर्षांत बांधकामाच्या गुत्त्यावर विक्रीकर नव्हता. ह्यांनी टेंडर भरताना दगडाचा, रेतीचा, मजुरीचा हिशेब धरला आणि त्यावर आपला थोडा नफा ठेवला. काम झालं, मोजमाप झालं, बिल निघालं, अनामत परत मिळाली, सगळं मिटलं. आता सरकारने कायदा केला की बांधकामाच्या गुत्त्यावर कर लागेल. इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण तो कायदा मागच्या तारखेपासून लागू केला. म्हणजे जी कामं कधीच होऊन गेली, ज्यांच्यावरून बैलगाड्या आणि लाल बसा धावून राहिल्या, त्यांच्यावर आता कर भरायचा. आणि तो मान्य नसेल तर अपील करा, पण अपिलाआधी अर्धी रक्कम भरा. न भरता आलेलं अपील कोणी उघडूनही पाहणार नव्हतं.

मी नोटीस घेऊन सेल्स टॅक्स ऑफिसात गेले. अधिकारी तरुण होते, कोस्ताकडचे, म्हणजे समुद्रकाठच्या आंध्रातले, तेलुगूच बोलायचे, पण गरजेपुरती हिंदी जमायची. त्यांनी मला खुर्ची दिली. मी विचारलं की हा कर तेव्हा का नाही मागितला.

"तेव्हा कायदा नव्हता, अम्मा."

"मग तेव्हाच्या कामावर कसा?"

"कायदा आजचा आहे, लागू मागून आहे."

 मग जे मनात आलं ते बोलले. "साहेब, मी निर्मलहून तिकीट काढून बसने आले. घरी पोचले, हातपाय धुतले. आता कंडक्टर माझ्या घरी येऊन म्हणतो, तिकिटाचा भाव वाढला, तुमच्या त्या दिवसापासून वाढला, बाकीचे द्या. मी तेव्हा बसमध्ये बसायचं की पायी जायचं, हे कसं ठरवू आता?"

ते हसले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी कायदा केला नाही, अम्मा. मला वसूल करायला बसवलं आहे." त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. भांडायलाही समोर कोणी नव्हतं.

घरी येऊन कळलं की नोटीस मला एकटीलाच नव्हती. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या गुत्तेदारांना आली होती. रस्त्याचे मोठे गुत्तेदार, तळी बांधणारे, माझ्यासारखे मोऱ्या आणि शाळाखोल्या करणारे, सगळ्यांना. संघटनेने आदिलाबादेत सभा बोलावली. एका जिनिंगच्या आवारात सतरंज्या टाकल्या होत्या. कापसाचा हंगाम सरला होता, पण हवेत अजून तंतू उडत होते आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसत होते. मी मागच्या बाजूला खांबाला टेकून बसले. तेलुगू, उर्दू, मराठी, तिन्ही एकदम चालू होतं.

संघटनेचे अध्यक्ष तेलुगू होते, जिल्ह्यातले सगळ्यात मोठे गुत्तेदार. पांढरेशुभ्र कपडे, आवाज हळू. त्यांनी मार्ग सुचवला. ज्यांना जमेल त्यांनी अर्धी रक्कम भरून अपील करावं, निकाल आपल्या बाजूने लागला की त्याचा फायदा सगळ्यांना होईल. पुढे बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांना जमणार होतं. मागे बसलेले आम्ही एकमेकांकडे बघू लागलो.

आमच्यात एक म्हातारे मुसलमान गुत्तेदार होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते माझ्या ह्यांचे जुने सोबती. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोल ना बेटी. मन में रखको क्या करना?"

मी उभी राहिले.  मी मराठीतच बोलले, कारण रागात मला दुसरी भाषा सुचत नाही.

"अध्यक्षसाहेब, तुमी भरसान, अपील करसान, अन् दोन-चार वर्षांनी जिंकसान बी. पण तोवर आमच्या घरच्या भांड्याकुंड्याईवर जप्ती येऊन जाईल. अर्धा कर भरल्याबिगर न्याय मागता येत नसंल, तं न्याय तुमच्यासाठी हाये, आमच्यासाठी नाही. तुमी पैसे भरले म्हणजे ही अट तुमी मानली. मंग आमी कोणत्या तोंडानं म्हणावं की अट चूक हाये?"

चाचांनी ते तेलुगूत सांगितलं, आणि माझ्यापेक्षा दुप्पट जोरात सांगितलं.  अध्यक्ष बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलतात." त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की कोणीही आधी पैसे भरायचे नाहीत, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून वकील लावायचा, आणि सरकार चर्चेला बोलावीपर्यंत जिल्ह्यात एकाही कामाचं टेंडर भरायचं नाही.

माझ्या बोलण्याने सभेचा निर्णय बदलला, हे मला घरी जाऊन भाकरी थापताना कळलं. तेव्हा खरं तर मी भ्याले. कारण टेंडर न भरणं म्हणजे चूल बंद ठेवणं, आणि बाहेरगावी कॉलेजात असलेल्या मुलीलाही पैसे पाठवायचे होते. मोठ्यांच्या घरी धान्य असतं.

आणि माझी परीक्षाही लगेचच आली. त्याच महिन्यात जी टेंडरं निघाली त्यात माझ्या माहेरच्या नाल्यावरच्या पुलाचं काम होतं. पैनगंगेला मिळणारा तो नाला. पावसाळ्यात गाव तुटायचं. बाळंतीण बाजेवर घालून, चार माणसांच्या खांद्यावरून पाण्यातून नेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. कितीतरी वर्षं गावाने अर्ज केले होते. हे जिवंत असताना म्हणायचे, त्या पुलाचं काम निघालं की तोटा खाईन, पण दुसऱ्याला घेऊ देणार नाही.

भाऊ आदिलाबादला आला. तोच भाऊ, ज्याने मला हा धंदा सोडायला सांगितलं होतं. चहा ठेवायच्या आतच म्हणाला, "बाई, पुलाचं टेंडर तू भरून राह्यली ना?"

"नाही."

"काऊन?"

मी सांगितलं. त्याला कळलं, पण पटलं नाही. "तुमच्या भांडणात गावानं काऊन मरावं? तू भरलं तं कोणी तुले फासावर देणार नाही. तुलेच मिळंल, दुसरा कोणी भरूनच नाही राह्यला."

"म्हणूनच तं नाही भरत," मी म्हणाले. "सगळे उपाशी बसले असताना मी एकटीनं उठून पाटावर जाऊन बसू का?"

"गाव काय म्हणंल?"

"गावाले मी सांगीन. तू फक्त एवढं सांग, की बाई जिवंत हाये तोवर पूल होईल. यंदा नाही तं पुढच्या साली."

तो चहा न घेता गेला. मी कपात ओतलेला चहा स्वतःच प्यायले, साखर घालायची विसरले होते ते अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं.

टेंडर घेण्याच्या दिवशी आम्ही सगळे इंजिनिअर ऑफिसच्या आवारात कडुलिंबाखाली जाऊन बसलो. भांडायला नाही, घोषणा द्यायलाही नाही. नुसतं बसायला. व्हरांड्यात टेंडरं टाकायची लोखंडी पेटी ठेवली होती आणि तिच्यासमोर बाबू बसला होता. पेटी आमच्याकडे बघत होती आणि आम्ही पेटीकडे. एकजण दुसऱ्या जिल्ह्यातून लिफाफा घेऊन आला होता. त्याने आम्हाला पाहिलं, थोडा वेळ घुटमळला, मग चाचांच्या शेजारी येऊन बसला आणि लिफाफ्याने वारा घेऊ लागला. वेळ झाली तेव्हा बाबूने रीतसर कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि आत पाहून पेटी उलटी करून दाखवली. एक मेलेली पाल पडली. सगळे हसले, बाबूसुद्धा हसला. मी मात्र पेटीकडेच बघत होते. त्या रिकाम्या पेटीत माझ्या गावाचा पूल होता.

पण मी मान खाली घातली नाही. आजही घालत नाही.

त्यानंतर सरकारने आपला हिसका दाखवला. वसुलीसाठी जप्तीचे हुकूम निघाले आणि नेमकी माझ्याकडे सगळ्यात आधी माणसं आली. घरात नेण्यासारखं काही नव्हतं, पण दाराशी मिक्सर मशीन उभं होतं, सिमेंट-खडी कालवायचं. पिवळ्या रंगाचं, ह्यांनी नागपूरहून जुनं घेतलेलं. रेव्हेन्यूचा माणूस म्हणाला, "हे न्यावं लागेल, अम्मा." गल्लीतले लोक जमले. मिस्त्री आणि दोन-तीन मजूर बाया धावत आल्या. त्यातली एक तर मशीनच्या चाकापुढे पदर खोचून उभी राहिली. मी तिला बाजूला केलं.

"न्या," मी म्हणाले, "पण थांबा."

सकाळीच त्यात कुंपणाच्या खांबांसाठी माल कालवला होता. मी बादल्या मागवल्या. मिस्त्रीने ड्रम फिरवला, मी पाणी ओतलं, कडेने घासलं, पुन्हा पाणी ओतलं, खाली स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत. रेव्हेन्यूचा माणूस घड्याळ पाहत उभा होता. त्याने विचारलं, "जप्त होणारं मशीन कशाला धुता?"

"आत सिमेंट धरलं तर मशीन मरतं," मी म्हणाले. "परत आल्यावर मला चालवायचं आहे."

ते ट्रॅक्टरला बांधून तहसीलच्या आवारात नेलं. मी मागून पायी चालत गेले आणि ते झाडाच्या सावलीत लावून घेतलं. बाजारात लोक बघत होते. मला वाटलं होतं लाज वाटेल. तसं काही झालं नाही. कापूस बाजाराच्या कोपऱ्यावर एक हमाल कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "बाई, मशीन कामाले चाललं का?" "आरामाले चाललं," मी म्हणाले.

पावसाळा उतरल्यावर हैदराबादहून बोलावणं आलं. सगळ्या जिल्ह्यांच्या गुत्तेदारांचे प्रतिनिधी मंत्र्यांना भेटणार होते. आमच्या जिल्ह्याकडून अध्यक्ष, चाचा आणि मी. मला घ्यावं असं कोणाच्या मनात नव्हतं. चाचा अडून बसले. "ये नईं आती तो मैं भी नईं आतूँ," एवढंच म्हणाले. आम्ही पहाटेच्या बसने निघालो. निर्मलचा घाट उतरताना अध्यक्षांनी मला बजावलं की आकड्यांचं ते बोलतील, कायद्याचं वकील बोलतील. मी म्हणाले, बरं. मला तरी दुसरं काय येत होतं?

मंत्र्यांचा हॉल थंड होता. लांबलचक टेबल, मोठमोठे गुत्तेदार, कोटातले वकील. बोलणं तेलुगूत आणि इंग्रजीत चाललं होतं. मंत्री ऐकत होते, पण दमलेल्या माणसासारखे. एकदा त्यांनी हातानेच थांबवलं आणि म्हणाले, "तुम्ही गुत्तेदार लोक कमावताही आणि रडताही. तेव्हा कर धरला नाही, तर आता नफ्यातून द्या." दोघे-तिघे ओशाळं हसले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. "या अम्मा कोणाच्या?"

चाचा म्हणाले, "कोई के नईं साब. खुद गुत्तेदार है."

मंत्र्यांनी मला बोलायला सांगितलं. मी तेलुगूत सुरू केलं, दोन वाक्यांत अडले आणि मग आदिलाबादेत सगळे बोलतात तशी मिसळीची भाषा वापरली. माझे शब्द मला आठवतात, म्हणून मराठीत सांगते.

"साहेब, ज्या कामांचा कर तुम्ही मागता ती माझ्या नवऱ्याने केली. तो आता नाही. तेव्हा हा कर असता तर त्याने दर वाढवून भरला असता, किंवा कामच घेतलं नसतं. त्याने काय केलं असतं ते कोणाला विचारू? नफ्यातून द्या म्हणता. त्या नफ्यात आम्ही वस्तीत एक खोली बांधली आणि मुलीला कॉलेजात घातलं. मुलीला आता मागच्या तारखेपासून अडाणी कशी करू?"

 मी पुढे म्हणाले, "आणि तरी कोर्ट म्हणेल दे, तर देईन. मी पळून जाणारी नाही. पण आधी माझं ऐका, मग मागा. आधी अर्धं ठेव, मग बोल, हे मला समजत नाही. माझ्याकडे मजूर बाई पगाराबद्दल तक्रार घेऊन येते, तेव्हा मी तिला आधी पैसे ठेव म्हणत नाही."

 मंत्र्यांनी मला कोणतं काम करता ते विचारलं. मी शाळेच्या खोल्या सांगितल्या. "गळतात?" त्यांनी विचारलं. "नाही, साहेब. तुम्ही पावसात या." या वेळी हॉलमधले लोक मोकळेपणाने हसले, आणि मंत्रीही.

पण ते सिनेमातल्यासारखं तिथल्या तिथे विरघळले नाहीत. विचार करू म्हणाले. बाहेर आल्यावर आम्ही कँटीनमध्ये शिरलो. बसल्यावर अध्यक्षांनी स्वतः उठून माझ्यासाठी इडलीची ताटली आणली, माझ्यापुढे ठेवली. मोठा माणूस, घरी पाण्याचा पेला उचलत नसेल. चाचांनी मला कोपराने ढोसलं. मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पण आतून फुलून गेले होते.

निकाल पुढे तुकड्या-तुकड्यांनी लागला. आधी हायकोर्टाने वसुलीला स्थगिती दिली आणि माझं मशीन परत आलं. ट्रॅक्टरवाल्याने ते दारात सोडलं, मिस्त्रीने ड्रम फिरवला आणि तो पहिल्याच झटक्यात फिरला. मग सरकारने अट सैल केली. लहान गुत्तेदारांचं अपील रक्कम न भरता ऐकलं जाईल असं कळवलं. मागच्या तारखेचा कायदा मात्र टिकला, हेही सांगितलं पाहिजे. सरकारला तसा कायदा करता येतो, असं कोर्टाने म्हटलं. पण कर फक्त सामानावर लागेल, मजुरीवर नाही, हेही म्हटलं. आमची कामं म्हणजे दगड फोडणं, वाहणं, रचणं. सिमेंट आणि लोखंड सोडलं तर उरतो तो माणसांचा घामच. निजामाबादच्या अपील ऑफिसात माझं अपील निघालं तेव्हा मी वकील केला नाही. सामान किती आणि मजुरी किती हे समजावून सांगितलं आणि मागितलेल्या रकमेचा लहानसा भाग राहिला. तो मी भरला. त्याच तरुण अधिकाऱ्याच्या ऑफिसात. त्यांनी पावती देताना विचारलं, "आता राग गेला का, अम्मा?"

"तुमच्यावर नव्हताच," मी म्हणाले.

आम्ही टेंडरं भरायला लागलो, आणि पुलाचं टेंडर पुढच्या साली पुन्हा निघालं. मी भरलं, पण माझ्यापेक्षा कमी दर चाचांच्या एका भाच्याने भरला आणि काम त्याला गेलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मी माहेरी गेले, गावाला मारुतीच्या पारावर जमवलं आणि आदल्या साली का भरलं नाही ते सरळ सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पण बाई, आता पूल होऊन राह्यला ना?" होऊन राह्यला होता. त्यांना तेवढं पुरेसं होतं. भाऊ पारावर नव्हता. तो पुलाच्या कामावर होता. शाळा सुटली की रोज जाऊन उभा राहायचा, आणि तो भाचा मला नंतर म्हणाला, "आपके भाई ने तो जान खा ली. रोज पूछते, सिमेंट कम तो नहीं डाल रहे?"

मला हसू आलं. मग मी भावाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "एवढी हौस हाये तं सुटीत माझ्या कामावर येऊन उभा राहत जा."

आणि तो यायला लागला. उन्हाळ्याच्या सुटीत डोक्याला उपरणं बांधून, हातात छत्री घेऊन, बायकांचं नसलेलं ते काम पाहायला. कोणी अनोळखी माणसाने विचारलं की गुत्तेदार कोण आहे, तर तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि आवाज चढवून सांगायचा, "त्या तिथं खडीवर उभी हाये ना, ती माझी बहीण."